मदत हवी आहे: जुन्या ट्रॅव्हलर कॅम्परचा ब्रेक घाटात मऊ पडतो

नमस्कार मंडळी,

गाडी २००८ ची टेम्पो ट्रॅव्हलर, डिझेल. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस नाही. आधीच्या मालकाने तिचा कॅम्पर करून घेतलाय: दोन बिछाने, छोटा ओटा, शंभर लिटरची पाण्याची टाकी, दोन मोठ्या बॅटऱ्या, टपावर सोलर. आरसीवर तशी नोंद आहे, पंधरा वर्षांनंतरचं फिटनेसही झालंय. तेव्हा कागदांचा विषय नको, प्रश्न ब्रेकचा आहे.

डिसेंबरात महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरत होतो. टाकी भरलेली, घरचे चौघे आणि सामान. दुसऱ्या गिअरमध्येच होतो, इंजिन ओरडत होतं. प्रतापगडचा फाटा मागे पडेपर्यंत सगळं ठीक. मग पेडल लांब जायला लागलं. अर्ध्यावर लागणारा ब्रेक पार खाली लागू लागला, नंतर दुसऱ्या पंपाला. पेडल कडक झालं नव्हतं, उलट मऊ. रस्त्याकडेला रुंद जागा दिसली तिथे हँडब्रेक ओढत गाडी उभी केली. पुढच्या चाकांतून जळका वास येत होता, डाव्या रिमजवळ हात नेववत नव्हता. मागची चाकं मात्र नुसती कोमट. पाऊण तासाने पेडल आपोआप पूर्ववत झालं आणि पोलादपूरपर्यंत काहीच त्रास नाही.

गावी आल्यावर चाकं खोलली. पुढचे पॅड कडेला करडे पडलेले, डिस्कवर निळसर डाग. मागच्या ड्रममधले लायनर (घासणारे पट्टे) जवळजवळ नवे. मिस्त्री खुशीत म्हणाला, "मागचं दोन वर्षं बघायला नको." त्याने ब्रेक ऑइलमधली एअर काढली, नवे पॅड टाकले. सपाटीला ब्रेक आता छान लागतो, पण सपाटीला तो आधीही लागतच होता.

दुसऱ्या एका गॅरेजचं म्हणणं, जुन्या गाडीचा ब्रेक एवढाच असतो, मागेही डिस्क बसवू आणि पुढे मोठा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) टाकू. खर्च बराच सांगतोय. करावं का? की आहे तोच ब्रेक नीट करून भागेल? आणि अशा गाडीच्या ब्रेकची देखभाल नेमकी काय ठेवायची, हे कुणी अनुभवी सांगेल का? आणखी एक: आधीच्या मालकाने मागच्या स्प्रिंगला एक पाटा वाढवलाय, नाहीतर गाडी बुडाने बसायची म्हणे. त्याचा ब्रेकशी काही संबंध असेल असं वाटत नाही, पण सांगून ठेवतो.

लांबपल्ला: एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनानेच वेग कमी करणारा) लावून घ्या, विषय संपला. ट्रकवाले उगाच लावत नाहीत.

चहाटळ: विषयांतराबद्दल माफी, पण त्या सोलरवर मिक्सर चालतो का हो?

जुना मिस्त्री: साहेब, तुमच्या पोस्टमध्ये कामाचं वाक्य शेवटी आलंय. पाटा वाढवला म्हणता ना, आधी त्या गाडीखाली आडवे व्हा.

मागच्या एक्सलच्या वर, चॅसीला एक व्हॉल्व्ह असतो आणि त्याची दांडी एक्सलला जोडलेली असते. गाडी भरली की बॉडी खाली बसते, दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब जातो. गाडी रिकामी असली की बॉडी वर असते, तेव्हा तो दाब कमी करतो, नाहीतर हलक्या मागच्या चाकांना लॉक लागून (ती फिरायची थांबून) गाडी फिरेल. आता तुम्ही पाटा वाढवून बॉडी वर धरून ठेवलीत. आत वजन आहे, पण व्हॉल्व्हला गाडी रिकामीच वाटते. मागच्या ब्रेकला दाब नाही, सगळं पुढच्या दोन डिस्कवर. म्हणून पुढे जळतंय, मागे कोमट आणि मागचे लायनर नवे. ज्या गोष्टीवर तुमचा मिस्त्री खूश झाला, तोच आजार आहे.

बऱ्याच ठिकाणी हा व्हॉल्व्ह गंजून अडकलेला असतो, किंवा कुणीतरी दांडी तारेने बांधून ठेवलेली असते. तुमच्याकडे तसं नाही ना बघा. आणि कुणी "व्हॉल्व्हच काढून टाकू, मागे फुल दाब देऊ" म्हणाला तर ऐकू नका, पहिल्याच पावसात मागचं पुढे येईल. गाडी नेहमीसारखी भरून, टाकी पाण्यासकट, दांडी सेट करून घ्यायची. पुढे-मागे प्रेशर गेज लावून बघणारं वर्कशॉप मिळालं तर उत्तम.

दुसरं, ब्रेक ऑइल. पेडल मऊ पडलं आणि गार झाल्यावर परत आलं, याचा अर्थ ऑइल उकळलं, आत वाफ झाली. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. पॅड तापून नुसते बुळबुळीत झाले असते तर पेडल वरच राहिलं असतं, गाडी मात्र थांबली नसती. पेडल दगडासारखं कडक होऊन ब्रेक लागेना, तर पायाच्या जोराला मदत देणारा व्हॅक्यूम पंप किंवा बूस्टर बघायचा. तीन वेगळे आजार आहेत, लोक तिन्हीला "ब्रेक फेल" म्हणतात.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ३ प्रतीचं ऑइल नवं असताना २०५ अंशांना उकळतं, पाणी ओढलेलं १४० लाच. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. नियमात लिहिलेले किमान आकडे आहेत हे. तुमचं ऑइल कधी बदललं ते तुम्हाला तरी माहीत आहे का? पूर्ण काढून डॉट ४ भरा आणि दर दोन वर्षांनी बदला, गाडी चालो न चालो. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळत नाही. डबीवर नीट वाचून घ्या.

एअर काढताना मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा) सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. आणि मागची चाकं लोंबकळत ठेवून काढू नका, तो व्हॉल्व्ह बंद राहतो, एअर आतच राहते. एक्सलखाली स्टँड द्या, वजन पाट्यावर राहू द्या.

डिस्कचं रूपांतर सध्या सोडा. मोठा कॅलिपर म्हणजे जास्त ऑइल लागतं, तेवढं तुमचा मास्टर सिलिंडर एका पेडलात देईलच असं नाही. पेडल आणखी लांब जाईल. मागे डिस्क केलीत तर हँडब्रेकची वेगळी सोय करावी लागेल.

काटेकोर: मिस्त्रींना दुजोरा. आणखी एक, कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची मर्यादा आहे, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. ब्रेक बदलून अपघात झाला तर विमावाला पहिला प्रश्न हाच विचारेल.

त्याआधी वजनकाट्यावर जा. आधी पुढची चाकं, मग मागची, मग पूर्ण गाडी. आरसीवरच्या वजनाशी ताडून पाहा. साडेतीन टनांची गाडी बाराशे मीटर खाली आणायची तर जवळपास साडेअकरा युनिट विजेएवढी उष्णता कुठेतरी जायला हवी. इंजिनने जितकी खाल्ली तितकी ब्रेकला कमी. लांबपल्ला यांचा एक्झॉस्ट ब्रेक चुकीचा नाही, पण मागचा ब्रेक झोपलेला असताना तो वर लावायचा म्हणजे आजार झाकणं.

आणि घाट चढताना जो गिअर लागतो त्याच्यापेक्षा वरच्या गिअरमध्ये उतरू नका. सतत पाय टेकवून ठेवण्यापेक्षा जोरात दाबून वेग कमी करा आणि पाय पूर्ण सोडा, चाकाला श्वास घेऊ द्या. दुसऱ्यात जमत नसेल तर पहिल्यात. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत.

कोकणवाट: आमची गाडी पावसाळाभर दिवेआगरला उभी असते, म्हणून दोन गोष्टी. हँडब्रेक ओढून महिनाभर ठेवली की लायनर ड्रमला चिकटतात. आम्ही गिअरमध्ये ठेवून चाकांना लाकडी ठोकळे लावतो. खाऱ्या हवेने ब्रेकची लोखंडी पाइपलाइन क्लिपच्या खालून गंजते, वरून दिसत नाही, नखाने खरवडून बघायची. रबरी होजही बदला. ते आतून फुगतात, ऑइल जातं पण परत येत नाही, मग पाय काढला तरी चाक घासतच राहतं. तुमचं डावं चाक जास्त तापलं त्याचं कारण हेही असू शकेल, किंवा कॅलिपरचा पिस्टन अडकलेला. गाडी जॅकवर घेऊन चाक हाताने फिरवून बघा. आणि ड्रमवरची धूळ हवेच्या पाइपने फुंकू देऊ नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. काल गाडीखाली गेलो. दांडी आहे, बांधलेली नाही, पण बूड वर असल्याने ती पार एका टोकाला टेकलीय, गाडीत चौघं बसवले तरी हलत नाही. वजनही केलं, आरसीवरच्या आकड्यापेक्षा दोनशे किलो जास्त, बहुतेक सगळं मागच्या एक्सलवर. म्हणजे जिथे वजन तिथे ब्रेक नाही.

ठरवलंय ते असं: एक बॅटरी आणि टपावरची लोखंडी चौकट उतरवायची, टाकी मुक्कामाच्या गावी जाऊन भरायची. तरी वजन बसलं नाही तर ओटाही जाईल, बायकोची त्याला तशी हरकत नाही. होज सगळे नवे, ऑइल डॉट ४, डाव्या कॅलिपरची रबरी सीलची किट. ड्रम खोलून माप घेणार, आत ओतीव आकडा आहे त्याच्या पुढे गेला असेल तर टर्निंग (लेथवर आतून घासणं) न करता नवाच. डिस्कवाल्या गॅरेजला "नको" म्हणून कळवलं.

मिस्त्री, एकच राहिलं. वाढवलेला पाटा काढून मग दांडी सेट करू, की पाटा राहू देऊन?

चहाटळ, मिक्सर चालतो, पण चटणीपुरता. वाटण घरून न्या.

जुना मिस्त्री: आधी वजन उतरवा, मग पाटा काढून बघा बूड किती बसतंय. मूळ पाट्यांवर गाडी समतोल उभी राहिली तर वाढीव पाटा भंगारात द्या आणि दांडी कंपनीच्या मापाला लावा. बसलीच तर मूळ पाटे थकलेत, तेवढे नवे टाका. काहीही झालं तरी पहिली चाचणी मोकळ्या मैदानात, ओल्या जमिनीवर, कमी वेगात करा. मागची चाकं पुढच्यांच्या आधी लॉक होत असतील तर घाटात न जाता माझ्याकडे किंवा कुणाकडे तरी परत या.