‘ब्रसेल्स’चे टन आणि फ्रायटची घड्याळे

पहिल्या महायुद्धात जर्मनांनी पकडलेल्या ‘ब्रसेल्स’ या प्रवासी बोटीबद्दलच्या एका प्रतिसादात तिचे वजन १,३८० टन दिले आहे. (बोट ग्रेट ईस्टर्न रेल्वे या ब्रिटिश कंपनीची; बांधणी १९०२, डंडी, स्कॉटलंड.) ते वजन नव्हे, सकल नोंदणी टन आहेत. हे आकारमानाचे माप आहे, १०० घनफूट म्हणजे एक टन.

तिचा कप्तान फ्रायट याच्या दोन घटनांचीही तिथे गल्लत झाली आहे. मार्च १९१५च्या सुरुवातीला जर्मन पाणबुडी मागे लागली तेव्हा तो ‘रेक्सहॅम’ या दुसऱ्या बोटीवर होता. डेकवरचे खलाशीही कोळसा टाकायला खाली गेले, १४ नॉटची बोट १६ नॉटने पळाली आणि करपलेल्या धुराड्यांनिशी रॉटरडॅमला पोचली. रेल्वेने त्याला सोन्याचे घड्याळ दिले. २८ मार्चची ‘यू-३३’ या जर्मन पाणबुडीची घटना मात्र ‘ब्रसेल्स’वरची. थांबायचा इशारा मिळताच त्याने नाळ (जहाजाचे पुढचे टोक) थेट पाणबुडीकडे वळवली. समोरून येणारे जहाज टॉर्पेडोला अरुंद लक्ष्य ठरते, शिवाय धडक टाळायला पाणबुडीला घाईने बुडी मारावी लागते. याबद्दल ॲडमिरल्टीनेही (ब्रिटिश नौदल खात्याने) घड्याळ दिले, आणि त्यावरचा कोरीव मजकूरच जून १९१६मध्ये पकडल्यावर पाणबुडीवर चाल केल्याचा पुरावा म्हणून जर्मनांच्या हाती लागला! २७ जुलैला बेल्जियममधल्या ब्रुजमध्ये त्याला गोळ्या घातल्या.

‘ब्रसेल्स’ बेल्जियमच्या झेब्रुग बंदरातच संपली, हे त्या प्रतिसादातले म्हणणेही बरोबर नाही. माघार घेताना जर्मनांनी ती बुडवली, पण १९१९मध्ये वर काढली गेली. पुढे ‘लेडी ब्रसेल्स’ या नावाने ती प्रेस्टन-डब्लिन मार्गावर चालली. मोडीत निघाली १९२९मध्ये.