जुना तांब्याचा बंब: कसा बसवला, निखाऱ्यावर काय भाजलं?

ठाण्याच्या खारकर आळीत माझ्या लहानपणी थंडीच्या दिवसांत पहाटे बंबाचा, म्हणजे मधल्या नळीत जाळ करून भोवतीचं आंघोळीचं पाणी तापवायच्या भांड्याचा, धूर दरवळायचा. पुढे गीझर आले आणि बंब मोडीत गेले. गेल्या दिवाळीआधी मी एक जुना बंब परत घरी आणला. ज्यांनी असा जुना बंब घेतलाय, त्यांनी तो कसा पारखला, कुठे बसवला आणि त्याच्या विस्तवावर काय शिजवलं, ते सविस्तर लिहा. फसलेलं काही असेल तर तेही लिहा, त्याचा जास्त उपयोग होतो.

सुरुवात माझ्यापासून. मोडीच्या ढिगात तो काळाठिक्कर पडला होता. घरी आणून चिंच-मिठाने घासला, काठोकाठ पाण्याने भरला आणि रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवला. सकाळी पाहतो तर तोटीच्या बरोबर खाली कागदावर रुपयाएवढं ओलं वर्तुळ. तांबटाकडून तिथे डाख मारून, म्हणजे वितळलेल्या धातूने सांधा बुजवून घेतला. आता मागच्या अंगणात, चार विटांवर, भिंतीपासून हातभर लांब बसवलाय. खालची जाळी गंजली होती, तेवढी नवी केली.

कळव्याहून

आमच्या घरी तांबटकाम होतं, म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगतो. रिकाम्या बंबात कधीही जाळ करू नका. तांबं वितळायला १०८४ अंश सेल्सिअस लागतात, पण कथील-शिशाचा डाख १८३ अंशांपासूनच पातळ व्हायला लागतो. आत पाणी आहे तोवर पत्रा शंभराच्या आसपास राहतो आणि डाख टिकतो. पाणी संपलं की पाच-दहा मिनिटांत सांधे सुटतात. दुरुस्तीला येणारे निम्मे बंब तरी असेच जळून आलेले असायचे.

आणि त्याच डाखातल्या शिशामुळे बंबाचं गरम पाणी भाताला, चहाला, डाळीला वापरू नका. आंघोळीला खुशाल घ्या. स्वयंपाक करायचा तो विस्तवावर.

दिवाळे गाव, बेलापूर

लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "आदी पानी भर, मंगच जाल लाव." वर कळव्याच्या भाऊंनी कारण लिहिलं ते आज कळलं, पण सवय तेव्हापासूनची. आमच्याकडे करवंट्या आणि सुकं जांभळाचं लाकूड जाळतो. लाकूड वाळलंय की नाही ते टोकाच्या भेगांवरून कळतं, दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर खणखण वाजतात. होडीचं मोडकं फळकूट मात्र सासूबाई बंबाजवळही येऊ देत नसत. त्याला डांबर असतं, रंग असतो, तो धूर छातीत बसतो. प्लायवूडचंही तेच.

पाणी तापलं की खालच्या जाळीतून निखारे ओढून घ्यायचे आणि त्यावर सुके बोंबील टाकायचे. सतत हलवत राहायचं, नाहीतर करपून कडू होतात. कडा तांबूस झाल्या की काढून हातानेच मोडायचे. वर कच्चा कांदा, हिरवी मिरची, लिंबू, सोबत तांदळाची भाकरी. थंडीत आमचा सकाळचा न्याहारीचा बेत हाच.

घोडबंदर रोड

आमचा अनुभव वाईट आहे. फ्लॅटमध्ये जुना बंब बाथरूममध्ये ठेवला आणि वारा लागू नये म्हणून खिडकी लावून घेतली. धूर फारसा नव्हता, नुसते निखारे होते, त्यामुळे निर्धास्त होतो. बायकोला आधी डोकं जड वाटलं, मग मळमळ. दार उघडून तिला गॅलरीत आणलं, तेव्हा हळूहळू बरं वाटलं. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड येतो, त्याला वास नाही, रंग नाही. धूर नाही म्हणजे धोका नाही, हा आमचा समज जिवावर बेतला असता. बंब आता गावी धाडलाय. ज्यांना अंगण नाही त्यांनी कृपया हा नाद करू नये.

येऊरच्या पायथ्याहून

दोनच गोष्टी. जंगलातून काटक्या आणू नका, ते राष्ट्रीय उद्यान आहे. आमच्या सोसायटीत पावसाळ्याआधी छाटलेल्या फांद्या मी मागून घेते आणि वर्षभर पत्र्याखाली वाळवते.

दुसरं, बंबाच्या वरच्या तोंडावर पातेलं ठेवून पाहिलं होतं. जाळाला वर वाट मिळेना, सगळा धूर खालून अंगणात पसरला. तेव्हापासून खालची राख हाच माझा ओव्हन. वांग्याला तेलाचा हात लावून, दोन-तीन टोचे मारून गरम राखेत पुरते, वर थोडे निखारे. शेजारी रताळी. माझी आंघोळ, पूजा आटपेपर्यंत वांगं मऊ पडून बसकण मारतं. देठाला धरून उचललं की साल आपोआप सुटते.

कळव्याच्या भाऊंना विचारायचंय: तोटी पितळेची आहे आणि बंद केली तरी थेंब गळतो. आतला खुंट घासून बसवता येईल, की तोटीच बदलावी?