मदत हवी आहे: पेठेतल्या गल्लीची नागरिक संघटना, पण सभासद कोणाला करायचं?

मंडळी,

नारायण पेठेतल्या आमच्या गल्लीची नागरिक संघटना काढायचं चाललंय. सगळं जुळत आलं आणि घोडं सभासदत्वावर अडलं. संस्थेची नोंदणी, घटना वगैरे प्रकारांतून गेलेल्यांनी जरा प्रकाश टाकावा.

आधी गल्ली कशी आहे ते सांगते. दोन रिक्षा समोरासमोर आल्या की एकीला मागे जावं लागतं. काही वाडे अजून तग धरून आहेत, बाकीच्यांच्या इमारती झाल्या. मूळ मालकांतले बरेचसे कोथरूडला, बावधनला, नाहीतर मुलाकडे परदेशात. त्यांच्या फ्लॅटमध्ये कॉट बेसिसवर मुलं-मुली राहतात, बहुतेक स्पर्धा परीक्षावाली. खाली झेरॉक्स, मेस, चहा, अभ्यासिका. थोडक्यात, रात्री इथे झोपणाऱ्यांत मालक कमी आणि बीड-परभणी-सांगलीची पोरं जास्त.

प्रश्न तुम्हाला पाठ असतील. कोपऱ्यावरची कचरापेटी उचलल्यापासून महावितरणच्या डीपीला टेकून पिशव्या पडतात. कचरा न्यायला ताई सकाळी येतात, तेव्हा रात्रभर अभ्यास केलेली पोरं झोपलेली आणि मेसचं शटर बंद. मेसचा ओला कचरा तयार होतो दुपारी, तो जातो डीपीपाशी. शिवाय दोन्ही बाजूंना दुचाक्या. शेजारच्या आजींना न्यायला आलेली ॲम्ब्युलन्स तोंडाशीच थांबली आणि त्यांना खुर्चीत बसवून बाहेर न्यावं लागलं, तेव्हापासून संघटनेच्या बोलण्याला जोर आला.

गल्लीत गणपती मंडळ आहेच, मग आणखी एक संघटना कशाला, असं अर्थातच विचारून झालं. मंडळाची पोरं कामाची आहेत, कोविडमध्ये डबे त्यांनीच पोचवले. पण स्पीकरचा विषय निघाला की मंडळ स्वतःच एक पक्ष होतं, आणि सगळ्याच प्रश्नांवर वर्गणीच्या वेळीच बोलायचं हेही बरं नाही.

मागच्या रविवारी देवळाच्या सभामंडपात बैठक घेतली. एका काकांनी ठराव मांडला की सभासद फक्त मिळकतधारक. "कर आम्ही भरतो, आज आहेत उद्या नाहीत त्यांना मत कशाला?" त्यावर मागे उभी असलेली एक मुलगी म्हणाली, "काका, आमच्या भाड्यातूनच भरता ना?" काका गप्प. मग कोणीतरी चिवडा पुढे केला आणि ठराव तसाच राहिला.

मला स्वतःला त्या मुलीचं पटतं. पण दर वर्षा-दोन वर्षांनी बदलणाऱ्या लोकांवर संस्था चालते का? कायदा याबाबत काही म्हणतो का? आणि मुळात नोंदणीची गरज आहे का?

जुना हिशोबनीस

ताई, नोंदणी करायची तर संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली किमान सात जण लागतात. महाराष्ट्रात तीच संस्था सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालीही नोंदवतात. दोन्ही कामं धर्मादाय आयुक्तांकडेच. नोंदणी सोपी आहे, पुढचं निभावणं अवघड. दरवर्षी हिशोब तपासून द्यायचे, आणि कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट. हा न भरल्याने मेलेल्या संस्था ढिगाने पाहिल्यात. अध्यक्ष वारून जमाना झाला तरी कागदावर तेच.

सभासदाचं म्हणाल तर कायदा मालक आणि भाडेकरू असा भेद करत नाही. संस्थेच्या घटनेप्रमाणे दाखल करून घेतलेला आणि वर्गणी भरलेला तो सभासद. १८६० च्या कायद्याचं कलम १५ बघा: वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली की मतही नाही आणि सभासद म्हणून गणतीही नाही. तुमच्या काकांना हे कलम मोठ्याने वाचून दाखवा. बावधनला गेलेले मालक वर्षाची वर्गणी विसरतात, पोरं विसरणार नाहीत.

फाटक बंद

पुण्यात संघटना काढण्यापेक्षा पार्किंग मिळवणं सोपं. बाकी चालू द्या.

तिसरी गल्ली

नोंदणीच्या भानगडीत आत्ता पडूच नका. आमचं सगळं एका वहीवर आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर चालतं. मोहल्ला समितीच्या बैठकीत बोलायला नोंदणी क्रमांक लागत नाही. पुणे महापालिकेने २००६-०७ पासून नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक सुरू केलं, त्यात पाच लाखांपर्यंतची कामं कोणीही साधा नागरिक सुचवू शकतो. दिवे, चेंबरची झाकणं, बसायचे बाक, असली कामं त्यातूनच होतात. अर्जाची मुदत मात्र कधी येते आणि जाते कळत नाही, क्षेत्रीय कार्यालयात विचारत राहायला एक चिकट माणूस नेमा.

एकच सावधगिरी. नोंदणी नसताना लोकांकडून पैसे जमवायला जाऊ नका. मंडळं उत्सवाआधी विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क ची परवानगी काढतात ती याचसाठी.

जुना हिशोबनीस

वरच्यांशी सहमत, पण अर्धाच. महापालिका कायद्यात प्रभाग समितीवर स्वयंसेवी आणि नागरी संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घ्यायची तरतूद आहे. तिथे वही दाखवून भागणार नाही.

लोकलची खिडकी

मुंबईत अशा गल्लीच्या संघटनेला एएलएम (ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) म्हणतात. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस घाटकोपरच्या जोशी लेनमधून सुरुवात झाली, तीसुद्धा कचऱ्यावरूनच. नोंद वॉर्ड ऑफिसमध्ये होते, धर्मादायकडे जावं लागत नाही. अनुभव असा की गल्लीत एक खमकी बाई असेतो चालतं. ती मुलाकडे बंगळुरूला गेली की फलक तेवढा उरतो. तेव्हा घटनेपेक्षा दुसरी फळी आधी बघा.

ओरेगॉनचा पाऊस

मी पोर्टलंडला असतो. इथे १९७४ पासून शहर सरकार अशा वस्ती-संघटनांना मान्यता देतं, नव्वदच्या वर आहेत. मान्यतेची अट तुमच्या कामाची आहे: हद्दीत राहणारा, मिळकत असलेला किंवा धंदा करणारा कोणीही सभासद होऊ शकतो आणि वर्गणीची सक्ती करता येत नाही. भाडेकरूंना कागदावर पूर्ण हक्क. बैठकीला मात्र घरमालक आणि पांढऱ्या केसांचेच जास्त दिसतात, कारण संध्याकाळी वेळ त्यांनाच असतो. दार उघडं ठेवलं म्हणजे लोक आत येतात असं नाही.

रूम नंबर चार

मी सदाशिव पेठेत राहतो, आयोगाची तयारी. खरं सांगू का, मताचं आम्हाला एवढं काही नाही. परीक्षा जवळ आली की बैठकीला कोणी येणार नाही. आम्हाला पाहिजे ते साधं आहे. पाणी किती वाजता जातं, कचरा कुठे द्यायचा, हे रूमवर आल्या दिवशी कोणीतरी सांगावं. मालक डिपॉझिटचं सांगतात, कचऱ्याचं नाही. रात्री दहानंतर स्पीकर बंद असा नियम आहे, पण आमच्यापैकी कोणी पोलिसांना फोन केला तर दुसऱ्या दिवशी रूम जाते. तो फोन संघटनेने करावा. शंभर रुपये वर्गणी देऊ, पाचशे नाही. आणि बैठक रविवारी सकाळी नको, टेस्ट सिरीज असते.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार, फाटक बंद यांचेही.

शेवटच्या प्रतिसादाने माझा रोख बदलला. मी मतावर अडून बसले होते, यांना फोन करणारा माणूस हवाय. आता मसुदा असा करतेय: गल्लीत राहणारा किंवा धंदा करणारा, १८ पूर्ण, तो सभासद. बाहेर राहणाऱ्या मालकाला मिळकतीमागे एकच मत, मग भाऊ कितीही असोत. वर्गणी वर्षाला शंभर. सहा महिने वहीवर चालवायचं, टिकलं तर नोंदणी. स्पीकरच्या तक्रारीवर सही संघटनेची, नाव कोणाचंच नाही. काकांना कलम १५ वाचून दाखवलं. "मग मी आजच भरतो," म्हणाले, आणि भरलेही.

दोन गोष्टी अजून सुटायच्या आहेत. कार्यकारिणीत एक जागा भाडेकरूंसाठी राखून ठेवली आणि तो मुलगा मध्येच रूम सोडून गेला, तर उरलेल्या मुदतीसाठी दुसरा नेमायचं कलम कसं लिहायचं? आणि मेसचा दुपारचा ओला कचरा वेगळ्या फेरीत उचलायची सोय कोणत्या पेठेत झाली आहे का, महिन्याला काय पडतं? घटनेचा नमुना असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.