संगीत मंडळासाठी ईमेलची व्यवस्था: कोणती घ्यावी?

कोमल_ऋषभ
नमस्कार मंडळी. आमचं जिल्ह्याच्या गावातलं शास्त्रीय संगीताचं मंडळ, नोंदणीकृत ट्रस्ट. महिन्याला एक बैठक, दिवाळी पहाट आणि जानेवारीत दोन दिवसांचा महोत्सव. सभासद आणि रसिक मिळून ३,२०० ईमेल पत्ते एक्सेलमध्ये आहेत. आजवर साध्या जीमेलवरून बीसीसीत टाकून पाठवायचो. दिवसाला ५०० लोक झाले की ते अडतं, म्हणून सचिव सात दिवस तुकड्या-तुकड्यांनी पाठवायचे. 'अ'पासून सुरुवात, त्यामुळे शिंदे-सावंतांना बैठक झाल्यावर निमंत्रण! आता त्यांनी हात टेकलेत. मेलचिंप (यादीतल्या सगळ्यांना एकगठ्ठा ईमेल पाठवणारी सेवा) घ्यावं का? कमिटीचा एकच प्रश्न: फुकट काय मिळेल? (व्हॉट्सॅप आहे, पण सुप्रभातच्या फुलांखाली निमंत्रण गाडलं जातं.)

विंगेतला
आमची प्रायोगिक नाटकाची संस्था आहे. आधी एकच बघा, कंपनी पैसे कशावर घेते. मेलचिंप पत्त्यांच्या संख्येवर घेतं. ज्यांनी 'नको' म्हणून नाव काढून घेतलं तेही, तुम्ही अर्काइव्ह करेपर्यंत (म्हणजे यादीतून बाजूला काढेपर्यंत), मोजणीत राहतात. एके काळी तिथे २,००० पत्ते फुकट होते, ते दिवस गेले. ब्रेव्हो (पूर्वीचं सेंडिनब्लू) मुख्यतः पाठवलेल्या पत्रांवर घेतं. तुमची यादी लांब आणि पत्रं महिन्याला दोन, म्हणजे तुम्हाला पत्रांवरचा हिशेबच परवडेल. फुकट खात्यात मात्र दिवसाला ३०० पत्रं. ३,२०० जणांना अकरा दिवस लागतील, त्यापेक्षा सचिव बरे. थोडे पैसे मोजा.

षड्ज
कोणी लिनक्स जाणणारं असेल तर लिस्टमंक बघा, यादीला ईमेल पाठवणारं, स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं सॉफ्टवेअर. मुक्तस्रोत आहे, झिरोधाच्या कैलाश नाध यांनी लिहिलेलं. त्याला ॲमेझॉनची ईमेल पोचवणारी सेवा, एसईएस, जोडायची, हजार पत्रांना १० सेंट. तुमची महिन्याची ६,४०० पत्रं एका डॉलरच्या आत. सर्व्हरचं भाडं वेगळं.

विंगेतला
आणि तो लिनक्सवाला मुलगा बंगळूरला नोकरीला गेला की? आमचा गेला. पासवर्डसकट.

सुटे_पैसे
मी एका ट्रस्टचा खजिनदार, म्हणून रुक्ष मुद्दा. परदेशी कंपनीला डॉलरमध्ये दरमहा पैसे कोणत्या कार्डाने भरणार? आमच्या बँकेने ट्रस्टचं कार्ड परदेशी व्यवहारांना बंदच ठेवलं होतं. मग अध्यक्षांनी स्वतःच्या कार्डाने भरले आणि ऑडिटच्या वेळी मला घाम फुटला. आम्ही शेवटी झोहो कॅम्पेन्स घेतलं. चेन्नईची कंपनी, रुपयात बिल, जीएसटी क्रमांकासह. दिसायला फार देखणं नाही, पण आमच्या सत्तरीच्या सहसचिव बाई स्वतः पाठवतात.

षड्ज
काहीही घ्या, पण पाठवणारा पत्ता जीमेलचा ठेवू नका. अशा सेवेतून जीमेलच्या नावाने गेलेली पत्रं सरळ स्पॅममध्ये जाऊ शकतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू दोघांनी नियम कडक केलेत. मंडळाचं स्वतःचं डोमेन (पत्त्यातलं @ नंतरचं नाव) हवं आणि त्यावर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या नोंदी करायच्या, म्हणजे पत्र खरंच तुमचंच आहे हे समोरच्या सेवेला पटतं. अर्ध्या तासाचं काम आहे, पण डोमेनच्या खात्याचा पासवर्ड लागतो. शिवाय 'स्पॅम' दाबणाऱ्यांचं प्रमाण ०.३ टक्क्यांपर्यंत जाऊ द्यायचं नाही. तुमच्या यादीत ते जेमतेम दहा लोक! हे ३,२०० पत्ते आले कुठून, कोमलताई?

कोमल_ऋषभ
बरेचसे सभागृहाच्या दारातल्या वहीतून. काही दुसऱ्या मंडळाने 'घ्या' म्हणून दिलेले.

षड्ज
दुसऱ्यांचे आधी काढा. त्या लोकांनी तुमची पत्रं मागितलेली नाहीत. दारातल्या वहीत 'ईमेलवर कळवावे का?' असा रकाना आखा. आणि निमंत्रणपत्रिकेचा फोटो चिकटवून पाठवत असाल तर थांबवा. चित्र उघडलं नाही तर तारीखही दिसत नाही. राग-वेळ-ठिकाण युनिकोडमध्ये टाइप करा.

विंगेतला
+१. आणि 'उघडलं किती जणांनी' हा आकडा कमिटीला दाखवू नका. २०२१ पासून ॲपलचं मेल स्वतःच उघडल्यासारखं दाखवतं. आमचे दिग्दर्शक तो आकडा बघून दुसरा प्रयोग लावायला निघाले होते.

कोमल_ऋषभ
सर्वांचे आभार. दुसऱ्या मंडळाचे पत्ते काढले, २,६०० उरले. झोहो आणि ब्रेव्हो दोन्हींवर चाचणी खातं उघडते, सचिवांच्या हाती देते, त्यांना जे जमेल ते. पण डोमेन कोणाच्या नावावर आहे ते शोधलं, तर माजी कार्यवाहांच्या भाच्याच्या. भाचा कॅनडात. उद्या पहाटे फोन लावते.