रेडिओ पॅनेल: तयार की घरी जुळवलेले?

संगणकावरील विमान-सिम्युलेटरमध्ये रेडिओची फ्रिक्वेन्सी बदलण्यासाठीचे पॅनेल तयार घ्यावे की घरी जुळवावे, या आपल्या प्रश्नावर माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे. लॉजिटेकच्या तयार पॅनेलवर फ्रिक्वेन्सीचे पाचच अंक दिसतात, त्यामुळे युरोपातील विमान-रेडिओच्या, एकमेकींपासून फक्त ८.३३ किलोहर्ट्झ अंतरावर असलेल्या वाहिन्या त्यावर नीट ओळखता येत नाहीत. त्याऐवजी आर्डुइनो मेगा हा छोटा नियंत्रक बोर्ड, तो सिम्युलेटरशी जोडणारे मोबीफ्लाइट हे मोफत सॉफ्टवेअर आणि एकाच दांड्यावर दोन नॉब असलेला एन्कोडर (नॉब किती फिरवला ते टिचक्यांनी कळवणारा भाग) घेतल्यास बाहेरच्या नॉबने मेगाहर्ट्झ व आतल्या नॉबने किलोहर्ट्झ बदलता येतात. माझा एन्कोडर सुरुवातीला एका टिचकीत दोन पायऱ्या सरकत असे. मोबीफ्लाइटच्या सेटिंगमध्ये एन्कोडरचा प्रकार बदलताच ते थांबले. आमच्या आर्वी तालुक्यातील गावात वीज वारंवार जाते, म्हणून संगणकासोबत यूएसबी हबही इन्व्हर्टरवरच जोडला आहे.