कारखाना बंद पडल्यावर कायदा कुठे असतो?

असं म्हटलं जातं की 1881 च्या फॅक्टरी कायद्यापासून आताच्या चार श्रमसंहितांपर्यंत (जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले नवे कायदे) कामगाराची बाजू बळकटच होत गेली. कामाचे तास, बालमजुरी, रविवारची सुट्टी (ती 1890 साली कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी झगडून मिळवली) याबाबत हे पटतं. पण कारखाना बंद पडला तर पुढे काय, हे अशा चर्चेत राहूनच जातं.

आमच्या इंदूरची हुकुमचंद मिल ही कापड गिरणी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. ग्रॅच्युइटीचा (नोकरी संपताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांचा) कायदा 1972 पासून होता. 1985 मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन बुडालेल्या कंपनीचे पैसे वाटताना कामगारांची देणी तारण घेऊन कर्ज दिलेल्या बँकांच्या बरोबरीला आली होती. तरी कामगारांचे सुमारे 224 कोटी रुपये मंजूर होऊन मिळायला 2023 चा डिसेंबर उजाडला! बरोबरीचा हक्क खरा, पण पैसा येणार मिलच्या जमिनीतून आणि ती जमीन कोर्टकचेरीत अडकलेली. तोवर कितीतरी कामगार वारले. आमच्या गल्लीतल्या एक काकू नवऱ्याचं हजेरीकार्ड, पीएफची स्लिप आणि मृत्यूचा दाखला एकाच प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन वारसाच्या कागदांसाठी हिंडत होत्या.

2016 च्या दिवाळखोरी संहितेत तर बँकांच्या बरोबरीने फक्त शेवटच्या 24 महिन्यांचीच देणी धरली जातात. पीएफ-ग्रॅच्युइटी या वाटपातून वेगळी काढली, हे चांगलंच. पण नव्या श्रमसंहितेनुसार कारखाना बंद करायला सरकारी परवानगी आता 300 कामगारांपासून पुढेच लागते, पूर्वी 100 पासून लागायची. याला बळकट होणं कसं म्हणायचं?