सेमी-हायड्रो ऑर्किडसाठी रिकामे डबे-बरण्या: भोक नक्की किती उंचीवर पाडायचं? (मदत हवी आहे)

खिडकीबाग:
मंडळी, माझी फॅलेनॉप्सिस जातीची ऑर्किडं सालींच्या तुकड्यांतून काढून लेकामध्ये, म्हणजे भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्यांमध्ये, सेमी-हायड्रो पद्धतीने लावायची आहेत, म्हणजे भांड्याच्या तळाशी थोडा पाण्याचा साठा आणि जास्तीचं पाणी जायला बाजूला भोक. प्रत्येक झाडाला तयार सेमी-हायड्रो कुंडी घेत बसले तर झाडांपेक्षा कुंड्याच महाग पडतील. म्हणून घरातल्या रिकाम्या मालावर भिस्त आहे: आइस्क्रीमचे पांढरे डबे, शीतपेयांच्या बाटल्या, एक उंच पारदर्शक बरणी आणि पत्र्याचे दोन डबे.

बरणीत एक झाड लावून पाहिलंय. तळाशी पाणी आहे, खालचे गोळे गडद आणि ओले दिसतात, पण वरचे थर फिकट, कोरडे ठणठणीत. बुंध्यातून नवीन मूळ आलं, त्याचं हिरवं टोक गोळ्यांना टेकलं आणि तिथेच थांबलं. पाणी वाढवावं तर जुनी मुळं कुजतील ही भीती. भोक किती उंचीवर हवं? एकच पुरे की सगळीकडून? पारदर्शक भांडं चालतं का? आणि भोक पाडताना डबा तडकू नये म्हणून काय करता? जाणकारांनी सांगावं, आगाऊ धन्यवाद.

ओलावा:
भोक तळापासून साधारण अडीच सेंटिमीटरवर. एकाच बाजूला, शेजारी-शेजारी दोन पाडा, म्हणजे एकात गोळा किंवा मूळ अडकलं तरी दुसऱ्यातून पाणी जातं. सगळीकडून पाडलीत तर पाणी घालताना चहूबाजूंनी गळेल, बाकी फायदा काही नाही. भोकाचा व्यास गोळ्यापेक्षा लहान ठेवा, पाच-सहा मिलिमीटर बास. तळाला मात्र एकही भोक नको, नाहीतर साठा राहणारच नाही.

पण तुमचं दुखणं भोकात नाही, बरणीच्या उंचीत आहे. लेका पाणी वर ओढतो, पण किती? गोळे मोठे असतील तर त्यांच्यामधल्या फटीही मोठ्या आणि पाणी फार चढत नाही. दहा-बारा सेंटिमीटर उंचीचं भांडं घ्या. बरणीच वापरायची असेल तर वरचा भाग कापून टाका. भोक वर सरकवून साठा वाढवू नका, त्याने जुन्या मुळांचा जीव जाईल.

खिडकीबाग:
@ओलावा, बरणी कापायचं डोक्यातच आलं नव्हतं! गोळे मोठेच आहेत, सुपारीएवढे.

पांढरीमुळं:
मग आठ ते सोळा मिलिमीटरचे शोधा. आणि लावण्याआधी गढूळ पाणी यायचं थांबेपर्यंत धुऊन रात्रभर भिजत ठेवा. कोरडा गोळा स्वतःच पाणी पितो, मुळाला काय देणार? बुंध्यापाशी नवीन मूळ उतरतंय तेवढ्या जागी वरून पाणी शिंपडत राहा, ते खालच्या ओलीपर्यंत पोचलं की काळजी मिटली.

सालीत वाढलेली मुळं सतत ओलीत राहायला सरावलेली नसतात, त्यातली काही जाणारच. म्हणून नवीन मुळं फुटायला लागली की मगच झाड हलवावं. फुलांच्या दांड्यावर असताना नको.

खटपट्या:
भोकांबद्दल मी सांगतो, या कामात माझा हात बसलाय. आधी डबा उलटा करून त्रिकोणातला आकडा बघा. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, मऊ आणि चिवट, सेमी-हायड्रोला याच्यासारखा डबा नाही. १ म्हणजे पेट, शीतपेयांच्या बाटल्या. चालतात, पण उकळतं पाणी ओतून निर्जंतुक करायला जाऊ नका, बाटली आक्रसून वाकडी होते. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, काचेसारखं कडक आणि ठिसूळ. त्याला खिळा ठोकलात की तडा सरळ काठापर्यंत.

ड्रिल असेल तर आतून लाकडाचा तुकडा टेकवा, बाहेरून चिकटपट्टी लावा आणि सावकाश फिरवा, जोर देऊ नका. ड्रिल नसेल तर पकडीत खिळा धरून तापवायचा, पण मोकळ्या हवेत. तो धूर नाकात जायला नको. पीव्हीसी, म्हणजे आकडा ३, अजिबात वितळवायचं नाही.

पत्र्याचे डबे गंजतात, त्यात थेट लावू नका. जस्ताचा मुलामा असेल तर विचारही नको, खताच्या पाण्यात जस्त उतरतं.

ओलावा:
पत्र्याचा डबा बाहेरचं आवरण म्हणून चालेल की. आत भोकांचा प्लास्टिकचा डबा. उजेड अडतो, शेवाळ धरत नाही.

पारदर्शक भांड्याचं म्हणाल तर फॅलेनॉप्सिसच्या मुळांत हरितद्रव्य असतं, पण पानं ठीक असतील तर मुळांना उजेड मिळालाच पाहिजे असं नाही. पारदर्शक भांड्याचा खरा फायदा आपल्याला: पाणी कुठवर आहे ते दिसतं, मूळ हिरवं म्हणजे ओलं, चंदेरी म्हणजे कोरडं. माझ्या बाटल्यांना मी जाड कागदाची नळी घालते, बघायचं असलं की वर सरकवायची.

खिडकीबाग:
खिडकीच्या कट्ट्यावर भोकातून पाणी गळेल त्याचं काय करता? बिनभोकाच्या मोठ्या डब्यात जाळीची कुंडी ठेवली तर?

पांढरीमुळं:
चालतं, फक्त जास्तीचं पाणी आपोआप जात नाही, मोजूनमापून घालावं लागतं. बाहेरच्या डब्यावर मार्करने रेघ मारून ठेवा. एरवी भोकाचा डबा सिंकमध्ये न्यायचा, काठोकाठ भरायचा, निथळू द्यायचा. दर वेळी असंच, कारण पाणी वर चढतं, उडून जातं आणि खताचे क्षार मागे राहतात. वरच्या गोळ्यांवर पांढरा थर दिसला की समजा धुणं कमी पडतंय. खत पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव भागानेच घाला.

खटपट्या:
आणि अरुंद बाटली घेतलीत तर एक दगड आधी तळात टाका, हलक्या गोळ्यांवर मोठ्या पानांचं झाड हमखास कलंडतं.

खिडकीबाग:
आत्ताच डबे उलटे करून पाहिले. आइस्क्रीमचे सगळे ५ आहेत, बरणी ६ निघाली! म्हणजे ती कापताना तडकणार. तिच्यातलं झाड आइस्क्रीमच्या डब्यात हलवते, बाटल्या छोट्या रोपांना. त्या अर्धवट थांबलेल्या मुळाचं टोक अजून हिरवं आहे, काय होतंय ते इथेच कळवते.